गोव्यात स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर गाडी शेवटी निवडा

स्पोर्ट्स कार घेणारा माणूस बहुधा उलट्या क्रमाने चालतो. आधी गाडी ठरते, मग रंग ठरतो, मग पैशांची जुळवाजुळव होते. आणि गाडी दारात आल्यावर लक्षात येते की फाटकातून आत घेताना पुढचा बंपर घासतो, अधिकृत कार्यशाळा दुसऱ्या राज्यात आहे आणि जून ते सप्टेंबर ती ठेवायची कुठे याचा विचारच झालेला नाही. दोन-तीन हंगामांत वैतागून, पडेल त्या भावात विकलेल्या गाड्या गोव्यात थोड्या नाहीत. त्या गाड्यांत दोष नव्हता, क्रम चुकला होता.

हा लेख पोर्श ९११ किंवा ७१८, बीएमडब्ल्यू झेड४, फोर्ड मस्टँग, जॅग्वार एफ-टाइप, ऑडी आर८ अशा जमिनीलगत धावणाऱ्या पेट्रोल गाड्यांविषयी आहे. आपल्याकडे यांतल्या बऱ्याच गाड्या वापरलेल्या स्थितीतच मिळतात, म्हणून जुन्या गाडीच्या तपासणीवर आणि कागदपत्रांवर अधिक लिहिले आहे. लॅम्बोर्गिनी उरुससारखी उंच गाडी घेणाऱ्यांनी दुसरा टप्पा वरवर वाचला तरी चालेल, बाकीचे टप्पे मात्र त्यांनाही तितकेच लागू आहेत.

## टप्पा १ : गाडी नेमकी केव्हा चालणार, हे कागदावर मांडा

गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत मुक्काम करतो. म्हणजे वर्षातले आठच महिने ही गाडी खऱ्या अर्थाने आपली आहे. त्यातही डिसेंबरच्या अखेरच्या पंधरवड्यात कळंगुट, कांदोळी, हणजूण या पट्ट्यात गाड्या इतक्या तुंबतात की पहिल्या गिअरपलीकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांना या गाडीने रोज पर्वरीहून पणजीला कामावर जायचे आहे आणि ज्यांना रविवारी पहाटे उठून फोंडा, मोलेमार्गे अनमोड घाट चढायचा आहे, त्यांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. पहिल्याला नरम सस्पेन्शन, रहदारीत न तापणारा गिअरबॉक्स आणि चांगली दृश्यमानता हवी. दुसऱ्याला ब्रेक आणि टायर उत्तम हवेत, बाकीचे तो सोसेल.

घरात दुसरी, साधी गाडी असणे मी अटच मानतो. एकमेव गाडी म्हणून स्पोर्ट्स कार घेऊ नये. बाजारहाट, पाऊस, घरातले आजारपण आणि पाहुणे या चारही गोष्टी तिच्याने होत नाहीत.

## टप्पा २ : घरापासून हमरस्त्यापर्यंतचा मार्ग मोजा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण हा मार्ग आपण रोज दुसऱ्या गाडीने पार करतो आणि त्यातले अडथळे आपल्याला दिसेनासे झालेले असतात.

मापन-रीप बनवा. एक सरळ लाकडी रीप किंवा ॲल्युमिनियमची चौकोनी नळी घ्या. मनातल्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर कंपनीच्या माहितीपत्रकात असते; पोर्श ९११ साठी ते २,४५० मिलिमीटर आहे. तेवढ्या अंतरावर रिपेखाली दोन ठोकळे ठोका. ठोकळ्यांची उंची गाडीच्या ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा (जमिनीपासून पोटापर्यंतच्या मोकळ्या अंतरापेक्षा) २० ते ३० मिलिमीटरने कमी धरा, कारण माणसे बसल्यावर आणि उतारावर ब्रेक लागल्यावर गाडी खाली दबते. रीप पुढच्या ठोकळ्याच्या पुढे बंपरच्या टोकापर्यंत वाढवा. आता ही रीप प्रत्येक गतिरोधकावर, फाटकाच्या उंबऱ्यावर आणि पोर्चच्या उतारावर टप्प्याटप्प्याने सरकवत न्या. जिथे मधली रीप टेकेल तिथे गाडीचे पोट घासणार. जिथे पुढचे टोक टेकेल तिथे बंपरची ओठपट्टी, म्हणजे खालची कड, जाणार. शेजारीपाजारी बघत उभे राहतील, त्याला इलाज नाही.

कुठला गतिरोधक घातक, ते ओळखा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार बांधलेला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. त्यावर २.४५ मीटर चाकांतराची गाडी मधोमध आली, तर दोन्ही चाके जिथे टेकतात त्या रेषेपेक्षा उंचवटा जेमतेम साडेचार सेंटीमीटर वर येतो आणि सुरुवातीचा चढ सहा अंशांच्या आसपास राहतो. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ११० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची गाडीही सावकाश पार करते. घात होतो तो वाड्यावाड्यांतून स्थानिक मागणीवरून रातोरात उभ्या राहिलेल्या, एका पावलाच्या रुंदीच्या टेकाडांवर. उंची तीच, पण रुंदी चौथा हिस्सा; तिथे गाडीचे पोट थेट डांबरावर बसते. आपल्या मार्गावर अशी टेकाडे किती आणि त्यांना वळसा आहे का, याची नोंद करा.

पोर्चचा उतार सुधारा. गोव्यातली जुनी घरे जोत्यावर उंच असतात आणि फाटकाशी रस्ता खाली असतो. १० फुटांत १ फूट चढ म्हणजे सुमारे पावणेसहा अंश, ६ फुटांत १ फूट म्हणजे साडेनऊ अंश. पहिला बहुतेक गाड्यांना झेपतो, दुसऱ्यावर बंपर हमखास घासतो. उतार रस्त्याला जिथे मिळतो आणि वर जिथे पोर्चला मिळतो, ते दोन्ही सांधे गोलसर करून घ्यावेत. गवंड्याचे दोन दिवसांचे काम एका कार्बन-फायबर ओठपट्टीपेक्षा स्वस्त पडते.

रुंदी विसरू नका. आरसे सोडून पोर्श ९११ ची रुंदी सुमारे १.८५ मीटर आहे. आरशांसह ती दोन मीटरच्या पुढे जाते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असलेल्या गावातल्या रस्त्यावर समोरून कदंबची बस आली, तर मागे कुठपर्यंत जावे लागेल तेही पाहून ठेवा.

सावधान : फेरीबोटीचा मार्ग या गाडीसाठी बंदच समजावा. धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यातला कोन भरती-ओहोटीनुसार बदलतो. सकाळी सहज चढलेली गाडी ओहोटीच्या वेळी उतरताना अडकू शकते आणि मागे दुचाकींची रांग लागलेली असल्यामुळे माघारही घेता येत नाही. दिवाडीला घर असेल, तर या गाडीचा मुक्काम दुसरीकडे ठेवण्याची सोय आधी बघा.

पडताळणी : रिपेच्या मापात एकच अडथळा बसत नसेल, तर पुढचा भाग उचलणारी यंत्रणा असलेली गाडी शोधावी. पोर्शची ही सोय बंपर सुमारे ४० मिलिमीटर वर घेते. ती मधल्या पोटाला मात्र फारशी वाचवत नाही. अडथळे तीनाहून अधिक असतील, तर उंच गाडीकडे वळणे शहाणपणाचे, हे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा ३ : कार्यशाळा, वाहून नेण्याची सोय, टायर आणि इंधन

गाडी ठरवण्यापूर्वी त्या कंपनीच्या सर्वांत जवळच्या अधिकृत कार्यशाळेला दूरध्वनी करून तीन गोष्टी विचारा : या विशिष्ट मॉडेलचे काम तिथे होते का, वार्षिक सर्व्हिसचा अंदाजे खर्च किती आणि गोव्यातून गाडी उचलून नेण्याची त्यांची व्यवस्था आहे का. काही कंपन्यांची विक्री केंद्रे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. लॅम्बोर्गिनीची मुंबई, दिल्ली आणि बंगळुरू येथे आहेत. पणजीहून मुंबई आणि बंगळुरू ही दोन्ही शहरे साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरवर आहेत, त्यामुळे डॅशबोर्डवर पेटलेला एक साधा पिवळा दिवाही चार दिवसांचा कार्यक्रम ठरतो.

अशा गाडीला पुढून किंवा मागून उचलून ओढत नेता येत नाही. सपाट पाटाच्या ट्रकवर, चारही चाके वर घेऊनच न्यावे लागते. आपल्या तालुक्यात असा ट्रक कोणाकडे आहे आणि त्याचा पाट जमिनीला किती कोनात टेकतो, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. रीप इथेही कामाला येते.

टायरबाबत बहुतेक जण बेसावध असतात. पुढच्या आणि मागच्या टायरांचे माप वेगळे असते. ९११ कॅरेरामध्ये पुढे १९ इंची आणि मागे २० इंची चाके असतात. जादा चाक नसते, फक्त भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि हवेचा छोटा पंप असतो. टायरची कड फाटली तर ती बाटली निरुपयोगी. एक मागचा आणि एक पुढचा टायर घरी आणून ठेवणे परवडत असेल तर ठेवावे; नपेक्षा तो मागवल्यापासून किती दिवसांत मिळेल ते तरी लिहून घ्यावे.

इंधनासाठी टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला ऑक्टेन आकडा वाचावा. या गाड्यांना सहसा ९५ किंवा ९८ लागतो. आता सर्वत्र मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या टाकीला ते मानवत नाही. इंडियन ऑइलचे एक्सपी१०० सारखे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल आपल्या टापूत कुठल्या पंपावर मिळते, ते नकाशावर खूण करून ठेवा.

## टप्पा ४ : आता गाडी निवडा

वरचे तीन कागद समोर ठेवले की यादी आपोआप आखडते. तीच किंमत देऊन जुनी, अधिक ताकदवान गाडी घ्यावी की नवी, कमी ताकदीची, असा प्रश्न पडला, तर गोव्यापुरते दुसरे उत्तर बरे. आपल्या रस्त्यांवर चारशे आणि सहाशे अश्वशक्तींतला फरक वापरायला जागाच नाही. फरक उरतो तो ब्रेक, टायर आणि विम्याच्या बिलात. उघड्या टपाची गाडी घेणाऱ्यांनी कापडी टपाच्या शिवणी आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या विशेष पाहाव्यात, कारण माडाच्या झावळ्यांचा आणि आंब्याच्या मोहोराचा कचरा त्या नळ्यांत जाऊन बसतो आणि पाणी थेट गालिच्याखालच्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर उतरते.

## टप्पा ५ : तपासणी, आणि तीही योग्य क्रमाने

गाडी थंड असताना पोहोचा. विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि पहिला धूर पुन्हा ऐकता-बघता येत नाही.

१. बाहेरचा पत्रा. रंगाची जाडी मोजणारे यंत्र वापरा. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या वर आकडा गेला तर तो भाग पुन्हा रंगवला आहे. यंत्र ॲल्युमिनियमवर चालणारे असावे. प्लॅस्टिक आणि कार्बन-फायबरवर साधे यंत्र आकडाच दाखवत नाही, तिथे सांध्यांच्या फटी डोळ्यांनी पाहा.

२. पोट. गाडी लिफ्टवर घ्यायलाच हवी. खालच्या प्लॅस्टिक झाकणांवरचे ओरखडे क्षम्य आहेत; रेडिएटरची पिचलेली जाळी, वाकलेला सस्पेन्शनचा दांडा आणि ॲल्युमिनियमवर पांढरा भुकटीसारखा गंज क्षम्य नाही. किनाऱ्यालगत ठेवलेल्या गाडीत हा पांढरा गंज स्क्रू आणि पत्रा जिथे भेटतात तिथे आधी दिसतो.

३. टायर. बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. खाचा खोल असल्या तरी सहा वर्षांपुढचा टायर बदलायचाच, असे धरून त्याची किंमत सौद्यात वळती करा.

४. ब्रेक. चकती लोखंडी आहे की कार्बन-सिरॅमिक, हे आधी विचारा. सिरॅमिक चकत्या फार टिकतात, पण कडेला टवका उडालेला असेल तर बदलाव्या लागतात आणि त्यांची किंमत ऐकून भलेभले खाली बसतात.

५. संगणकातील नोंदी. अधिकृत कार्यशाळेत यंत्र जोडून इंजिनाचा अहवाल काढा. पोर्श गाड्यांत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि कोणत्या टप्प्यात फिरवले गेले याची नोंद राहते. मीटरवरचे किलोमीटर, सर्व्हिसच्या नोंदी आणि या अहवालातले इंजिनाचे तास यांचा मेळ बसला पाहिजे.

६. चालवून पाहणे. हे शेवटी. आधी चालवली की बुद्धी गहाण पडते आणि पुढची तपासणी नावापुरती उरते. चालवताना निदान वीस मिनिटे रहदारीत रांगत न्या. दोन क्लचच्या गिअरबॉक्सचा खरा स्वभाव तिथे कळतो, रिकाम्या रस्त्यावर नाही.

सावधान : फार कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज सोडा. आठ वर्षांत पाच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे टायर, पट्टे, रबरी सील आणि बॅटरी हे सगळे वयाने गेलेले असते.

## टप्पा ६ : कागदपत्रे

पैसे देण्याचा क्रम आणि कागद मिळण्याचा क्रम एकमेकांत असे गुंफावेत की कुठल्याही क्षणी आपल्या हातातला कागद दिलेल्या पैशांच्या तोडीचा असेल.

पहिल्यांदा केवळ इसारा द्या आणि सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदणी, कर्जाचा बोजा, थकीत चलने आणि विम्याची मुदत तपासा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे कर्जफेडीचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याखेरीज पुढे जाऊ नका. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा विक्रीचा ठराव मागा. हा कागद विसरला जातो आणि नेमका त्याच्यावाचून अर्ज परत येतो.

गाडी परदेशातून कोणी व्यक्तिशः आणलेली असेल, तर सीमाशुल्क भरल्याची मूळ कागदपत्रे पाहिल्याशिवाय इसाराही देऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून महागड्या गाड्यांवर कारवाई केली. अशा प्रकरणात गाडी जप्त होते ती शेवटच्या मालकाच्या दारातून.

दुसऱ्या राज्यातली गाडी असेल, तर विक्रेत्याने फॉर्म २८ भरून तिथल्या कार्यालयाकडून ना हरकत दाखला काढायचा असतो. त्यावर गोव्यातल्या नेमक्या कार्यालयाचे नाव लिहावे लागते. आपण राहतो बार्देशात आणि दाखल्यावर लिहिले पणजी, अशी चूक झाली की दाखला दुरुस्त करण्यासाठी पुन्हा मूळ राज्यात फेरी. मग उरलेली रक्कम, गाडीचा ताबा आणि सही केलेले हस्तांतराचे फॉर्म २९ व ३० हे एकाच बैठकीत व्हावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने हस्तांतराची माहिती राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत द्यायची असते, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. नोंदणीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ही घाई खरे तर विक्रेत्यालाही असायला हवी.

गोव्यात एमएच किंवा केए क्रमांकाची गाडी वर्षानुवर्षे चालवणारे अनेक आहेत. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. गोव्याचा रस्ता कर भरल्यावर मूळ राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज आपण केला तरच. उलट, इथला कर कमी वाटतो म्हणून दुसरीकडे राहणाऱ्याने भाड्याच्या खोट्या पत्त्यावर गोव्यात नोंदणी करणे हा सरळ गुन्हा आहे आणि विमा कंपनीला दावा नाकारायला आयते निमित्त आहे.

वाहतूक खात्यात गाडी दाखवताना चेसिस क्रमांकाची पेन्सिलने काढलेली छाप लागते. या गाड्यांत तो क्रमांक कधी शेजारच्या सीटखाली गालिच्याच्या झडपेत, कधी काचेच्या तळाशी असतो. आदल्या दिवशी तो शोधून, झडप उघडून, छाप काढून बघा. रांगेत उभे राहून नवख्या माणसाने गालिचा ओरबाडण्याची वेळ येऊ देऊ नये.

पडताळणी : दहा लाखांवरील गाडी व्यापाऱ्याकडून घेतली, तर तो किमतीवर १ टक्का आयकर उगमस्थानी गोळा करतो. ही रक्कम आपल्या नावे जमा झाली का ते पाहा आणि विवरणपत्रात देय करातून तिची वजावट घ्या.

## टप्पा ७ : विमा ताबा घेण्याच्या दिवशीच

जुन्या मालकाची पॉलिसी गाडीबरोबर सगळीच येते, हा गैरसमज आहे. तृतीय पक्षाचे संरक्षण पुढे चालते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मिळण्यासाठी १४ दिवसांच्या आत आपल्या नावे बदल मागावा लागतो. दावा न केल्याची सवलत जुन्या मालकाकडेच राहते. मी तर ताब्याच्या दिवशी नवीच पॉलिसी घ्या असे सांगतो.

ती घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, घसारा न कापण्याची जोड, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचे वाढीव संरक्षण. ती नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के रक्कम आपल्या खिशातून जाते, आणि या गाडीचा पुढचा-मागचा सगळा दर्शनी भाग प्लॅस्टिकचाच असतो. दुसरी, इंजिन संरक्षणाची जोड. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की पणजीत १८ जून मार्गावर पाणी तुंबते. जमिनीलगतच्या गाडीत ते हवेच्या मार्गाने इंजिनात शिरायला वेळ लागत नाही आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान भरून मिळत नाही. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करून पाहिली, तर जोड असूनही वाद होतो. तिसरी, टोइंग. मूळ पॉलिसीत त्याची मर्यादा १,५०० रुपये आहे. मुंबईपर्यंतच्या ट्रकपुढे ही रक्कम किरकोळ आहे, म्हणून मर्यादा वाढवून घ्यावी.

चौथी गोष्ट म्हणजे विमित मूल्य, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यास विमा कंपनी देते ती कमाल रक्कम. हप्ता वाचवण्यासाठी ते कमी ठेवणे ही या वर्गातल्या गाड्यांत सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी पूर्णतः निकामी धरली जाते. एक बाजू चेपली, दोन एअरबॅग उघडल्या, एक दिवा गेला की या गाड्यांचा खर्च तिथे पोहोचतोच. मग दुरुस्त होण्याजोगी गाडी जाते आणि हातात तुटपुंजी रक्कम उरते.

सावधान : खासगी क्रमांकाची गाडी लग्नाच्या वरातीला किंवा पर्यटकांना भाड्याने देऊ नये. गोव्यात स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात. ओळखीतल्या कोणी «हप्ता तरी सुटेल» म्हणून गळ घातली, तरी अपघाताच्या दिवशी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

## टप्पा ८ : रोजच्या सवयी

टायरची हवा सकाळी, गाडी हलण्यापूर्वी तपासा. पंपापर्यंत चालवत नेली की आकडा वाढून येतो. तेलाचे तापमान चढेपर्यंत इंजिन जोरात फिरवू नका; पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल गरम झाले असे होत नाही. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नका, दोन-चार किलोमीटर चालवून ब्रेक कोरडे करा. आपल्या दमट हवेत ओली लोखंडी चकती रात्रीत गंजते आणि पॅड तिला चिकटतो. माडाखाली गाडी लावू नये, हे गोव्यात सांगायला नको. वटवाघळे बसतात त्या झाडाखालीही लावू नये, त्यांची विष्ठा उन्हात काही तासांत रंगात मुरते.

सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्याचा मोह टाळावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि वाड्यावरचे लोक एकदा वैतागले की पुढच्या वेळी फाटकासमोर नवा गतिरोधक उगवतो.

## टप्पा ९ : पावसाळ्यासाठी गाडी मिटवून ठेवणे

हे काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात करावे. पहिला वळीव पडून गेल्यावर केले तर ओल आतच कोंडली जाते. क्रम असा :

१. गाडी खालून, चाकांच्या कमानींसह धुवा. तांबडी माती आणि खारे कण यांचा थर ओल धरून ठेवतो.

२. इंजिन तेल आणि फिल्टर बदला. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते. ते चार महिने आत राहू देऊ नये.

३. उच्च ऑक्टेनचे, इथेनॉलविरहित पेट्रोल टाकून टाकी पूर्ण भरा. मग तीस-एक किलोमीटर चालवून सगळे कोरडे आणि गरम करा. परतताना टाकी पुन्हा वर भरा.

४. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा, बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. चाकांना लाकडी अडणी लावा आणि हातब्रेक सोडा. विजेवरचा हातब्रेक आपोआप लागतो. तो कसा सोडून ठेवायचा, ते गाडीच्या पुस्तिकेतून वाचा.

५. बॅटरीला हळूहळू भरणारा चार्जर जोडा. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जरही त्याच जातीचा हवा. पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते, म्हणून वीज परत आल्यावर स्वतःहून सुरू होणाराच चार्जर घ्या आणि मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावा.

६. आतले चामडे पुसून पूर्ण कोरडे करा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवायचे तर खोल ताटात, पायाशी ठेवा. त्यांत साठणारे पाणी गंज चढवते. ते सीटवर सांडले तर चामडे गेले.

७. काचा बंद करा. उंदरांसाठी सापळे गॅरेजात लावा, विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर एसीच्या नळीत जाऊन मरतो.

८. वर हवा खेळणारे सुती आच्छादन घाला. प्लॅस्टिकचे कधीही नको.

चिऱ्यांच्या उघड्या भिंतींचे गॅरेज असेल तर त्या भिंती पावसाळाभर ओल सोडत राहतात. आतून गिलावा करून घ्यावा किंवा ओल काढणारे यंत्र लावून आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी. स्वस्तातला आर्द्रतामापक भिंतीवर टांगला की अंदाज बांधावा लागत नाही.

सावधान : दर रविवारी पाच मिनिटे इंजिन सुरू करून ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. तेवढ्यात तेल तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि सुरू करताना बॅटरीतून गेलेली वीजही भरून येत नाही. महिन्यातून एकदा गाडी हाताने ढकलून हातभर पुढे-मागे करा, एवढेच पुरे.

पडताळणी : बॅटरी मेली तर गाडी कशी उघडायची, हे मेमध्येच शिकून घ्या. पोर्श ९११ मध्ये बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि ते झाकण विजेवर उघडते. वीज नसेल तर पायाजवळच्या फ्यूजपेटीतले खास टोक बाहेर ओढून, त्याला बाहेरून वीज देऊन झाकण सोडवावे लागते. पुस्तिका गाडीतल्या कप्प्यात ठेवून गाडी बंद केली, तर ते पान वाचायला मिळणार नाही. त्याची छायाप्रत घरात ठेवा.

## टप्पा १० : ऑक्टोबरमध्ये गाडी बाहेर काढणे

आधी विमा आणि प्रदूषण तपासणीचा दाखला यांच्या तारखा पाहा. चार महिन्यांत दोन्हींपैकी एक हमखास संपलेला असतो. मग हवेच्या फिल्टरची पेटी उघडा. उंदराचे घरटे असेल तर ते इथे, आणि कुरतडलेली वायर असेल तर तीही याच परिसरात सापडते. टायरची हवा नेहमीच्या आकड्यावर आणा, ब्रेक तेलाची आणि शीतक द्रवाची पातळी बघा. ब्रेक तेलही ओल शोषते. त्याला दोन वर्षे झाली असतील तर घाटात जाण्यापूर्वी बदला.

इंजिन सुरू झाल्यावर उभ्या जागी तापवत न बसता सावकाश निघा. पहिल्या दोन किलोमीटरवर मोकळ्या जागी हलके-हलके आठ-दहा वेळा ब्रेक लावा. चकतीवरचा तांबूस थर निघेपर्यंत खरखर ऐकू येईल. टायर चपटे बसल्यामुळे स्टीअरिंग सुरुवातीला थरथरेल. वीसेक किलोमीटरनंतरही थरथर किंवा खरखर गेली नाही, तर तशीच घरी परत आणा आणि कार्यशाळेला फोन करा.